शिमग्यासाठी लपवलेली फिट

फिट येणाऱ्या माणसाला स्वतःची फिट कधी दिसत नाही. माझी फिट गावाने पाहिली, पलटणीने पाहिली, बायकोने तर किती वेळा पाहिली ते तीच जाणे. मला नेहमी फक्त नंतरचं आठवतं. चावलेली जीभ, तोंडात रक्ताची चव, आणि भोवती उभी असलेली माणसं, जी मी त्यांचं काही चोरल्यासारखी माझ्याकडे बघत असतात.

मी फौजेतून हवालदार म्हणून घरी आलो. रत्नागिरीजवळच्या हातखंब्यापासून आत आमचं गाव. घरात आई, जिला आम्ही आये म्हणतो, बायको सुवर्णा आणि मुलगी तन्वी. हे लिहितोय ते दोन प्रकारच्या माणसांसाठी. एक, ज्यांना हा आजार आहे आणि जे तो लपवतात. दुसरे, माझ्यासारखे माजी सैनिक, ज्यांचा आजार नोकरीतला आहे पण सरकारी कागद तसं म्हणत नाही. मी दोन्हीकडे बसतो आणि दोन्हीकडे भरपूर गाढवपणा केलेला आहे. तेवढ्या अनुभवावर चार गोष्टी सांगायला हरकत नसावी.

सहाणेवर

कोकणातल्या जवानाची एक खोड असते. गणपती आणि शिमगा या दोन सणांना तो घरी पोचलाच पाहिजे. आमच्या पलटणीत इतर मुलखातली पोरं बहिणीच्या लग्नाला सुट्टी मागायची, आम्ही पालखीसाठी मागायचो. साहेब लोक कपाळाला हात लावायचे. पण एकदा गावची पालखी खांद्यावर घेऊन नाचवलेल्या माणसाला त्या दिवशी दुसरीकडे कुठेही चैन पडत नाही, हे त्यांना समजावणार कोण?

पंधराएक वर्षांपूर्वी मी बर्फातल्या एका उंच चौकीवर होतो. तिथून शिमग्याच्या सुट्टीवर घरी आलो. देवळासमोरच्या सहाणेवर, म्हणजे जिथे पालखी आणून बसवतात त्या चौथऱ्यावर, ढोल चढला होता आणि पुढचा दांडा माझ्या खांद्यावर होता. तिथेच मी पडलो. पालखी बाकीच्यांनी सावरली. मला कांदा हुंगवला, कुणीतरी चप्पल हुंगवली. शुद्धीवर आलो तेव्हा गुरव गाऱ्हाणं घालत होता, की लेकराचं काही चुकलं असेल तर पदरात घे.

मग रत्नागिरी, मग लष्करी इस्पितळ. तिथल्या साध्या स्कॅनमध्ये काही सापडलं नाही. गोळ्या सुरू झाल्या. माझी मेडिकल कॅटेगरी खाली आली, बंदूक गेली आणि उरलेली नोकरी स्टोअरमध्ये ब्लँकेटं मोजण्यात गेली.

सांगायचं ते लपवलं

घरी पाठवण्याआधी मेडिकल बोर्ड बसतं. माझा आजार नोकरीमुळे झाला की नाही, हे ते ठरवतं. झाला असेल तर अपंगत्वाची पेन्शन मिळते, नसेल तर नाही.

डॉक्टरांनी विचारलं, पहिली फिट कुठे आली? मी सांगितलं, घरी, सुट्टीवर. मग विचारलं, घरात आणखी कुणाला आहे का? आणि माझ्या तोंडून निघून गेलं की मामाला होती. आयेचा धाकटा भाऊ. त्याला लहानपणापासून फिट यायची. ऐन तिशीत विहिरीच्या काठावर फिट आली आणि तो आत गेला.

सांगायचं ते लपवलं आणि लपवलं असतं तरी चाललं असतं ते सांगून बसलो. काय लपवलं ते पुढे येईलच. बोर्डाने लिहिलं, 'आजार घराण्यातून आलेला. लष्करी सेवेशी संबंध नाही.' मी सही केली.

त्याहून मोठी चूक घरी आल्यावर केली. आयेने विचारलं, "काय लिवलानी रे कागदात?" आणि मी वाचून दाखवलं. मराठी करून, नीट, शब्द न् शब्द.

ती उठून मागच्या पडवीत गेली आणि दुपारभर तांदूळ निवडत बसली. दोन दिवसांनी माझ्या लक्षात आलं की तिने हे सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं आहे. माझा आजार तिच्या माहेरून आला, म्हणजे तिच्याकडून आला. तिचं माहेर गुहागरच्या बाजूला, हेदवीजवळ. त्यानंतर ती तिकडे गेलीच नाही. लग्नाची पत्रिका येवो की मयताचा निरोप, तिचे गुडघे दुखायचे. भावाचं नाव घरात बंद झालं. आणि तन्वीला साधा ताप आला तरी आये तिच्या उशाशी बसून राहायची, पोरीचे हात धरून, ते थरथरतायत का बघत. आम्ही काही म्हटलं तर म्हणायची, "माज्या घरचा हाय ता. मीच बघतंय."

अपंगत्वाची पेन्शन गेल्याचं मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण घरात जे माझ्या डोळ्यांसमोर सुकत चाललं होतं ते वेगळं होतं, आणि ते त्या एका ओळीने केलं होतं.

खाट नंबर नऊ

नंतरची वर्षं कशी गेली हे फिटवाल्यांना सांगायला नको. पावसला एका आंब्याच्या बागेत मी देखरेखीच्या कामाला लागलो. झाडावर चढायचं नाही, विहिरीजवळ जायचं नाही, मोटारसायकल चालवायची नाही. न्हाणीच्या दाराला कडी लावायची नाही. सुवर्णा अंगणवाडी सेविका. दिवसभर दुसऱ्यांची पोरं सांभाळायची आणि घरी येऊन मला. गोळ्यांनी मी सुस्त आणि चिडका झालो होतो. एकदा भाजीत मीठ कमी म्हणून ताट सरकवलं. ती शांतपणे म्हणाली, "मीठ बरोबर हाय. गोळी बदलून घ्या."

दोन वर्षांपूर्वी ऐन आंब्याच्या हंगामात एका दिवसात तीन फिट आल्या आणि मला रत्नागिरीच्या इस्पितळात दाखल केलं. आठ दिवस काढले. पहाटे थर्मामीटर, मग चहा, मग रक्त, मग डॉक्टरांची फेरी, मग काही नाही. इस्पितळात हे 'काही नाही' फार मोठं असतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, भेटायला आलेल्या लोकांनी वॉर्ड भरलेला असताना मला फिट आली. शुद्धीवर आलो तर चादर ओली होती. लाजेने मी डोळे मिटून घेतले. वॉर्डातल्या मावशी आल्या, त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खाटेजवळचा पाण्याचा जग उचलून सरळ माझ्या अंथरुणावर उलटा केला. मग मोठ्याने म्हणाल्या, "केवडा पाणी सांडलास रे दादा. ऊठ, चादर बदलूया." सगळ्यांनी एकदा वळून पाहिलं आणि आपापल्या गप्पांना लागले. त्या मावशींचं नाव मी विचारलं नाही, याचं आजही वाईट वाटतं. सरकारने मला जे काही दिलं त्यात त्या सांडलेल्या पाण्याचा नंबर फार वरचा आहे.

कोल्हापूरचा फोटो

तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला कोल्हापूरला मेंदूच्या मोठ्या तपासणीसाठी पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. फोटो काचेवर लावून बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, गाठ निघाली. सुवर्णाने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

बाई म्हणाल्या, "तुम्ही कधी खूप उंचावर, बर्फात राहिला होतात का?"

मी म्हटलं, "फौजेत होतो."

"मेंदूतून रक्त परत नेणारी एक शीर तुंबली होती तुमची. जुनं आहे हे. अशा उंचीवर रक्त घट्ट होतं, तेव्हा हे होऊ शकतं. तिथे व्रण राहिलाय. तुमच्या फिट त्या व्रणातून येतात." मग फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे आनुवंशिक नाही. वरती असताना डोकेदुखी, उलट्या, हात बधिर होणं, असं काही झालं होतं?"

सुवर्णा लगेच म्हणाली, "नाय हो. पहिली फिट आमच्या गावात आली."

मी खाली बघत होतो. माणूस आजाराचं नाव ऐकून रडतो, मी सुटकेने रडलो, आणि त्याच मिनिटाला घाबरलो. कारण झालं होतं. सगळं झालं होतं.

शिमग्याच्या सुट्टीला पाच दिवस उरले असताना चौकीवर माझं डोकं दुखायला लागलं होतं. तीन दिवस दुखलं. उलट्या झाल्या. तिसऱ्या दिवशी उजवा हात आपोआप हलायला लागला आणि मी बर्फात कोसळलो. आमच्या चौकीवर बिष्ट नावाचा नर्सिंग असिस्टंट होता, पहाडातला, शांत माणूस. त्याने मला शुद्धीवर आणलं आणि वही उघडली. मी त्याचे पाय धरले. लिहिलंस तर मला इस्पितळात अडकवतील, सुट्टी जाईल, आमच्या गावची पालखी आहे. तो वही मिटून म्हणाला, "ठीक है. सो जाओ." त्या माणसाचे उपकार मी मनातल्या मनात किती वर्षं मानत आलो होतो.

हे सगळं मी सुवर्णाला परतीच्या एसटीत सांगितलं. घाट उतरेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "मला सातवा महिना होता तवा. तुमी दोन दिवस आधी आलात, मला वाटला माज्यासाठी आलात." त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. गोळ्या मात्र वेळेवर ताटाशेजारी यायच्या. आयेला मी डॉक्टरीणबाईंचं म्हणणं सांगितलं, तर ती म्हणाली, "सरकारी कागदात तसा नाय."

नाव घेऊन मागायचा

पाचव्या दिवशी तिनेच पिशवीत सगळे कागद भरले आणि मला रत्नागिरीला कदम सुभेदारांकडे नेलं. हे निवृत्त सुभेदार माजी सैनिकांचे अर्ज लिहून देतात. त्यांच्या पडवीत माजी सैनिकांची रांग असते आणि ते प्रत्येकावर सारखेच ओरडतात.

त्यांनी बोर्डाच्या शेऱ्याविरुद्ध अपील करायला माझे वैद्यकीय कागद मागणारा अर्ज रेकॉर्ड ऑफिसला लिहिला. दोन महिन्यांनी उत्तर आलं, सोबत फक्त त्या बोर्डाची नक्कल. माहिती अधिकारात दुसरा अर्ज टाकला. उत्तर आलं, एवढेच कागद उपलब्ध आहेत. मी म्हटलं, जाऊ दे.

कदम माझ्यावर उखडले. "अरे हवालदारा, 'माझे सगळे कागद द्या' म्हटल्यावर समोरचा माणूस वरची फाइल काढणार आणि तुला देणार. कागद नाव घेऊन मागायचा. कुठल्या इस्पितळाचा, कुठल्या दिवसाचा, कुणाच्या सहीचा. दाखल न होता बाहेरून तपासून गेलेल्याचे कागद त्या त्या इस्पितळातच पडून असतात, रेकॉर्ड ऑफिसला जात नाहीत. सांग, वरती सिक रिपोर्ट केलंस, आजारी आहे म्हणून नोंदवलंस?"

"नाही केलं, साहेब."

"का?"

सुवर्णा म्हणाली, "सांगा ना. मला सांगितलात तसा सांगा."

मी सांगितलं. कदमांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते मूळचे संगमेश्वरचे. हळूच म्हणाले, "मी पण एकदा मोडलेल्या बोटावर आलेलो शिमग्याला." मग पुन्हा ओरडायला लागले. "पण ते बोट होतं रे. हे डोकं आहे. आता बोर्डापुढे खोटं बोललास हे तुलाच लिहून द्यावं लागेल. तयार आहेस?"

मला खरंच भीती वाटली. आहे ती साधी पेन्शनही बंद केली तर? गावात 'खोटारडा फौजी' म्हणून नाव झालं तर? मी विचार करून सांगतो म्हणून उठलो. सुवर्णा उठली नाही. म्हणाली, "आयेला काय सांगू घरी जाऊन?"

मी परत बसलो.

बिष्ट

जुन्या पलटणीचा मोबाइलवर ग्रुप आहे. दिवसभर गुड मॉर्निंगची फुलं येतात, पण या वेळी कामाला आला. तिसऱ्या दिवशी बिष्टचा नंबर मिळाला. तो आता त्याच्या पहाडात सफरचंदं लावतो. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, तू तेव्हा लिहिलं नाहीस, पण आता साक्ष म्हणून दोन ओळी देशील का?

तो म्हणाला, "लिखा था."

मला कळेना.

"उसी दिन लिखा था. आप पैर पकड़ रहे थे, इसलिए बताया नहीं. रेडियो पे डॉक्टर साब को बोला. आपको क्या लगा, दो दिन पहले नीचे कैसे भेजा? छुट्टी वालों की पार्टी में पहला नाम मैंने डलवाया था."

मी आंब्याच्या झाडाला टेकून खालीच बसलो. इतकी वर्षं मी समजत होतो की माझं नशीब जोरावर होतं म्हणून लवकर उतरलो. प्रत्यक्षात त्याने मला रुग्ण म्हणून खाली पाठवलं होतं. खाली उतरणाऱ्या त्या तुकडीच्या प्रमुखाकडे डॉक्टरांसाठी बंद चिठ्ठी दिली होती. मग मला खालच्या तळावरचे एक डॉक्टर आठवले. त्यांनी मला तपासलं होतं, खोदून खोदून विचारलं होतं आणि मी छाती पुढे काढून म्हटलं होतं, एकदम ठीक हूँ साब. सुट्टीवरून आलास की आधी मला भेट, असं ते म्हणाले होते. मला वाटलं, साहेब प्रेमळ आहेत.

बिष्टने तारीख सांगितली, तळावरच्या इस्पितळाचं नाव सांगितलं, डॉक्टरांचा हुद्दा सांगितला. मी म्हटलं, तू तेव्हा मला फसवलंस. तो म्हणाला, "हाँ. आप मर जाते."

एक ओळ

कदमांनी तिसरा अर्ज त्या इस्पितळाला लिहिला, कागदाचं नाव घेऊन. सात आठवडे काही नाही. मग एक पातळ लिफाफा आला. आत तपासणीच्या कागदाची नक्कल आणि तिला जोडलेली बिष्टची चिठ्ठी, पेन्सिलीने लिहिलेली, पुसट. डोकेदुखी तीन दिवस, उलट्या, उजवा हात थरथरला, बेशुद्ध. खाली शेवटची ओळ होती, 'जवान आजार नाकारतो, सणासाठी घरी जाण्याचा हट्ट करतो, त्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवू नये.'

कदम ती ओळ वाचून इतके हसले की आतून त्यांच्या मिसेस बाहेर आल्या. मग डोळे पुसून म्हणाले, "हवालदार, माझ्या आयुष्यात याच्याइतका चांगला पुरावा बघितला नाही. तू खोटारडा आहेस हे सरकारी कागदावर आहे, तेही त्याच दिवशीचं."

अपील गेलं. कोल्हापूरचा फोटो, तळावरचा कागद, बिष्टची चिठ्ठी, आणि माझ्या हाताने लिहिलेलं एक पान की मी बोर्डापुढे खरं सांगितलं नाही आणि का. उशीर झाल्याबद्दल माफीचा अर्जही जोडला. काही महिन्यांनी पुन्हा बोर्डापुढे बोलावणं आलं. समोर एक कर्नल मॅडम होत्या. त्यांनी सगळं वाचलं आणि विचारलं, इतका त्रास होत असताना सिक रिपोर्ट का केलं नाहीत?

मी सावधानमध्ये उभा राहून म्हटलं, "शिमगा होता, मॅडम."

त्यांना शिमगा माहीत नव्हता. मी म्हटलं, होळी, पण आमची. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "पुढच्या वेळी कुणा जवानाने तुमच्यासमोर असं केलं तर काय सांगाल?"

"त्याची तक्रार करीन, मॅडम. आणि त्याला सांगणार नाही."

त्या हसल्या नाहीत, पण त्यांनी मला बसायला सांगितलं.

हे लिहिण्याचं कारण तेवढंच आहे. नोकरीत असाल तर दुखलं की दुखलं म्हणा आणि ते लिहून घ्या. बाहेर आला असाल तर कागद नाव घेऊन मागा, पहिल्या नकारावर परत फिरू नका. आणि आपण केलेली चूक आपणच लिहून द्या. मला वाटत होतं तिच्यामुळे मी बुडेन, तिनेच मला वर काढलं.

आये

निकाल पोस्टाने आला. अपील मंजूर. आजार उंच प्रदेशातल्या सेवेमुळे झाला. घराण्यातून आल्याचा आधीचा शेरा रद्द. पोस्टमनसमोरच सुवर्णाने माझ्या पाठीत एक जोराचा धपका घातला. पंधरा वर्षांचा राग आणि आनंद त्यात एकत्र होता, आणि मला तो मनापासून आवडला.

आये मागच्या पडवीत होती. मी तिच्यासमोर बसून वाचलं. ती म्हणाली, परत वाच. वाचलं. अजून एकदा. वाचलं.

"म्हंजे ता माज्याकडना नाय आला?"

"नाय, आये."

"सरकारच बोलता असा?"

"सरकारच. शिक्का हाय बघ."

तिने शिक्क्यावरून अंगठा फिरवला. मग पदर तोंडाला लावला आणि लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडली. मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं. रडून झाल्यावर तोंड धुतलं आणि सुवर्णाला म्हणाली, "माजा बरा लुगडा काड. उद्या मना माहेरी जावाचा हाय." गुडघ्यांचं काय, असं विचारायची कुणाची हिंमत झाली नाही.

जयगडहून फेरीबोटीने आम्ही खाडी ओलांडली. माहेरच्या घरात माजघरात मामाचा फोटो होता, तिशीतला, हसरा. मामी आता थकलेली, ती दारातच थांबली. इतक्या वर्षांनी नणंद आली म्हणून ती पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आली. आयेने पाणीसुद्धा घेतलं नाही. मला फोटोसमोर उभं केलं आणि म्हणाली, वाच. घरातली सगळी माणसं, शेजारची दोन, सगळी उभी राहिली आणि मी तो सरकारी कागद मामाला वाचून दाखवला.

आयेने फोटोच्या काचेवरून हात फिरवला. "बाळा," ती म्हणाली, "तुजा काय नव्हता रे. मी उगीच तुज्यावर रागावलंय."

मामीने तिला जवळ ओढलं. मी बाहेर अंगणात येऊन उभा राहिलो. थोड्या वेळाने आतून दोघींचं हसू ऐकू आलं. मामा लहानपणी कसा पेरू चोरायचा, असलं काहीतरी चाललं होतं. संध्याकाळच्या बोटीला निघायचं म्हणून मी हाक मारली, तर आये माजघरातूनच ओरडली, "तू जा. मी ऱ्हातंय हितं."